हनुवटीची जखम दातात होती

त्या सव्वा वर्षातलं मला सलग फारसं आठवत नाही. आठवतं ते विहिरीच्या तळाशी बसून वर बघावं तसं. माणसं हलताना दिसतात, त्यांचे आवाज उशिरा पोचतात. कंपनीची बस आठवते. पहाटे पावणेसहाला ती पुनावळ्याच्या पुलाखाली यायची आणि मी खिडकीला डोकं टेकून चाकणपर्यंत अर्धवट झोपेत जायची. बाहेर धुक्यात अर्ध्या बांधलेल्या इमारतींवर दिवे लागलेले असायचे, कुणी आभाळात कंदील टांगून विसरून गेल्यासारखे. मला वाटायचं, ही बस कुठंच पोचू नये. पोचलं की उतरावं लागणार, आणि उतरलं की लाइनवरच्या पांढऱ्या दिव्याखाली माझी हनुवटी सगळ्यांना दिसणार.

माझं नाव अर्चना. मूळची परभणीकडची. लग्न होऊन इकडे आले त्याला अकरा वर्षं झाली. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधतात, त्या लाइनवर मी आहे. माझे पती बालाजी रेडीमिक्स काँक्रीटची गाडी चालवतात, ती मागे मोठा ढोल फिरत असलेली. आम्हाला एक मुलगी, स्वरा. पुनावळ्यात मंदाकाकूंच्या घराला लागून त्यांनी भाड्यानं द्यायला खोल्या बांधल्यात, त्यातल्या वरच्या दोन आमच्या.

दिवाळी झाल्यावर माझ्या हनुवटीच्या मधोमध एक फोड आला. मी तो फोडला. पुळी समजून कोण फोडत नाही? थोडा पू आला, खपली धरली, आठ दिवसांनी खपली पडली आणि तिथून पुन्हा पाणी यायला लागलं. मग ते थांबलंच नाही. सकाळी उशीवर पिवळा डाग असायचा. दुखत काहीच नव्हतं. म्हणून मी दोन महिने हळद लावत बसले.

•

कातडीच्या डॉक्टरांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या. गोळ्या चालू असेपर्यंत जखम सुकायची. गोळ्या संपल्या की दहाव्या-बाराव्या दिवशी ओली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि विचारलं, "तंबाखू, मिश्री काही लावता का?"

"नाही."

"घरात कुणाला कॅन्सर?"

मी पुन्हा "नाही" म्हटलं, पण तो शब्द खोलीत आला तो आलाच. घरी येताना रिक्षात तो माझ्या शेजारी बसला होता असं वाटलं.

त्या दिवशी मी माझा पेला वेगळा केला. कुणी सांगितलं नव्हतं. टॉवेल वेगळा, उशी वेगळी. स्वरा शाळेतून आली की माझ्या गळ्यात पडून हनुवटीला नाक घासायची, ही तिची लहानपणापासूनची खोड. मी तिला हातानं लांब धरलं आणि म्हटलं, "आईला बाऊ झालाय." पहिल्या दिवशी ती हसली. चार दिवसांनी तिनं यायचंच बंद केलं. दारात उभी राहून दप्तर काढायची आणि विचारायची, "आज बरा झाला का बाऊ?" मी नाही म्हटलं की शहाण्या मुलीसारखी हात धुवायला जायची. तिचं ते शहाणपण मला सोसायचं नाही.

बालाजी काही बोलायचे नाहीत. त्यांचं गप्प राहणं मी माझ्या परीनं वाचत होते. जेवताना ते ताटाकडे बघायचे तर मला वाटायचं, माझ्याकडे बघवत नसेल. लवकर झोपले तर वाटायचं, तोंड फिरवलं. माणूस घाबरला की आपल्याच माणसाबद्दल किती वाईट विचार करू शकतो, हे मला त्या दिवसांत कळलं. हे मी लपवणार नाही, कारण असं दुसऱ्या कुणाच्याही घरात होऊ शकतं.

•

पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात सर्जन म्हणाले, तुकडा काढून तपासायला पाठवू. सुई टोचली, काहीतरी कुरतडल्यासारखं झालं, एक टाका पडला. पाच मिनिटांचं काम. रिपोर्ट आठ दिवसांनी.

त्या आठ दिवसांत मी कामावर गेले. बाकी काय करणार? लाइनवर खाचांच्या फळ्यासमोर उभं राहून लाल वायर लालच्या खाचेत, निळी निळ्याच्या खाचेत बसवत होते. माझे हात मला लांबून दिसत होते, दुसऱ्याच कुण्या बाईचे असावेत तसे, आणि ते एकदाही चुकले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मी मास्क न काढता कोपऱ्यात बसायची, तो वर उचलून घास आत ढकलायची. माझ्या शेजारच्या बाया आधी चौकशी करायच्या. मग थांबल्या. एकदा डबा घेऊन मी टेबलाशी गेले तर दोघीजणी सरकून बसल्या. जागा द्यायला सरकल्या की लांब व्हायला, ते मी विचारलं नाही.

एका दुपारी बसमध्ये स्वप्न पडलं. स्वरा मोठी झाली आहे, तिचं लग्न आहे, आणि मी मंडपाच्या बाहेर उभी आहे. आत जायला कुणी अडवत नाही. फक्त मंडपाला दारच नाही. मी कापडावरून हात फिरवत गोल गोल चालते आहे. जागी झाले तेव्हा बस मोशीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये उभी होती आणि माझा हात खिडकीच्या पडद्यावर होता.

रिपोर्टात कॅन्सर नव्हता. जुनी सूज आहे, असं काहीतरी लिहिलं होतं. दवाखान्याच्या पायरीवर मी रडले. बालाजींनी कुणाला तरी फोन करून फक्त "न्हाई निघालं" एवढं सांगितलं आणि फोन खिशात ठेवायला त्यांना तीनदा खिसा शोधावा लागला.

तिथं हे संपायला हवं होतं. सर्जननी ती जखम गोल कापून काढली, बारीक टाके घातले. दीड महिना हनुवटी स्वच्छ होती. मग एका सकाळी स्वराची वेणी घालताना आरशात दिसलं की टाक्याच्या रेघेच्या मधोमध एक थेंब उभा आहे.

मी वेणी पूर्ण घातली. रिबन बांधली. तिला शाळेच्या गाडीत बसवलं. मग घरात येऊन फरशीवर बसले ती दुपारपर्यंत तिथंच होते.

•

रिपोर्ट चांगला आल्यानंतर जखम परत उघडणं हे आधीपेक्षा वाईट होतं. आधी भीतीला नाव तरी होतं. आता कुणी म्हणे कातडीचा टीबी असेल, कुणी म्हणे देवीचं काही राहिलंय. गावाकडून माझ्या थोरल्या दिरांचा फोन आला. बालाजींनी स्पीकरवर लावला होता, मी आत आहे हे दिरांना माहीत नसावं.

"तिला थोडे दिवस इकडं धाडून दे. लेकरू तिथंच राहू दे तुझ्यापाशी. लेकराला लागलं म्हंजे?"

बालाजींनी फोन दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "बघतो."

त्या "बघतो"वरून आमचं भांडण झालं. मी नको ते बोलले. तुम्हाला माझी घाण वाटते म्हणाले, तुम्हाला माझ्यापासून सुटका हवी आहे म्हणाले. ते ऐकून घेत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "भावाला तोंडावर नाही म्हणता येत नाही मला. म्हणून बघतो म्हटलं. तुला धाडायचं असतं तर विचारलं असतं ना तुला?" आणि गाडीची चावी घेऊन बाहेर पडले.

त्यानंतर चार-पाच दिवस आम्ही फक्त स्वरामार्फत बोलत होतो. "बाबांना विचार, भाकरी अजून हवी का." मी कामावर आजारपणाची रजा टाकली. दिवसभर घरात पडून राहायची. खिडकीतून समोरच्या नव्या टॉवरची क्रेन दिसायची. ती इतकी हळू फिरायची की ती फिरते आहे की घर फिरतं आहे, कळत नसे.

•

मंदाकाकू आमच्या घरमालकीण. पुनावळ्यातल्या जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांची जमीन रस्त्यात आणि इमारतींत गेली, पण पहाटे उठून उगाच परसात फेऱ्या मारायची सवय गेली नाही. त्यांचे खालचे-वरचे सगळे दात पडले होते. पिंपरीकडच्या एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्यांची कवळी बनत होती, आणि त्यासाठी पाच-सहा खेपा घालाव्या लागत होत्या.

एका सकाळी त्या दारात आल्या. "पोरी, चल माझ्याबरं. सुनंला येळ न्हाई, अन् मला लिफ्टचं भ्या वाटतंय."

"काकू, मी अशी…"

"आशी म्हंजी कशी? मास्क हाय की तोंडाला. तितं समदीच तोंड झाकून आस्त्यात. चल."

खरोखरच तिथं सगळेच तोंड झाकून होते. केस पेपरची रांग, लाकडी बाकं, आत ओळीनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर एक दिवा आणि दिव्याखाली उघडलेलं एक तोंड. पाण्याची बारीक शीळ सगळीकडून येत होती. मंदाकाकू कवळीच्या खोलीत गेल्या आणि मी बाकावर बसले. वर्षभरात पहिल्यांदाच मी अशा ठिकाणी होते, जिथं माझ्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नव्हतं. मला तिथं इतकी गाढ डुलकी लागली की मास्क ओला झाल्याचंही कळलं नाही.

"ताई." कुणीतरी खांद्याला हात लावला. पांढरा कोट घातलेल्या, पन्नाशीच्या एक डॉक्टर मॅडम वाकून माझ्याकडे बघत होत्या. "मास्कला पू लागलाय तुमच्या. जरा खाली करता का?"

मी केला. दुसरं काही सुचलंच नाही. त्यांनी जखमेकडे बघितलं, आणि मग त्यांनी जे केलं ते वर्षभरात एकाही डॉक्टरनं केलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आता तोंड उघडा."

•

त्यांनी छोट्या आरशाच्या मागच्या टोकानं माझे खालचे दात एकेक करून हलकेच ठोकले. मग बर्फासारखं गार काहीतरी एकेका दाताला लावलं. "गार लागलं की हात वर करा." एका दाताला लागलं, दुसऱ्याला लागलं, पुढच्याला काहीच नाही. मी हात खालीच ठेवला. त्यांनी पुन्हा लावलं. दाताच्या जागी जणू खिडकी होती आणि खिडकीपलीकडे कुणी राहत नव्हतं.

"हा दात कधी आपटला होता का? लहानपणी?"

"नाही," मी म्हटलं.

"घाई नाही. आठवून बघा. सात-आठ वर्षांच्या असताना?"

दिवा डोळ्यांवर होता म्हणून मी डोळे मिटले. आणि त्या तांबूस अंधारात मला आमच्या गावची हापशी दिसली. दुपारची वेळ. माझ्याहून उंच दांडा. मी उडी मारून तो खाली ओढायची आणि त्याच्याबरोबर लोंबकळायची, हा आमचा खेळ. एकदा हात सुटला. दांडा वर आला तो हनुवटीखालून तोंडावर. तोंडात लोखंडाची आणि रक्ताची चव. घागर फुटली होती, म्हणून आईला मी दाताचं सांगितलंच नाही. घागरीचा मार खाल्ला आणि गप्प बसले. दात दोन दिवस हलला, मग घट्ट झाला. त्याचा रंग जरा काळपट होता, एवढंच. पंचवीस वर्षांत मला तो दिवस एकदाही आठवला नव्हता.

मी सांगितलं तसं मॅडम म्हणाल्या, "झालं तर मग. कारण सापडलं."

त्यांनी एक बारीक, लवचिक, गुलाबी काडी घेतली आणि माझ्या हनुवटीच्या जखमेत हलकेच सरकवली. ती जातच राहिली. मला दुखलं नाही, पण अंगावर काटा आला. तशीच ठेवून एक्स-रे काढला. पडद्यावर त्यांनी दाखवलं. हनुवटीच्या कातडीतून ती काडी पांढऱ्या रेघेसारखी वर गेली होती आणि त्या दाताच्या मुळाशी जाऊन थांबली होती. मुळाभोवती हाडात एक काळा गोल डाग होता.

"तुमची जखम हनुवटीची नाहीच," मॅडम म्हणाल्या. "दात आतून मेलाय. लहानपणीच मेला. त्याच्या मुळाशी पू साठतो आणि हाडातून वाट काढून इथून बाहेर येतो. बाहेरून कितीही कापलं तरी उगम आतच आहे."

"कॅन्सर नाही?"

"नाही."

"टीबी?"

"नाही हो ताई. दात आहे, दात."

तेवढ्यात मंदाकाकू नव्या कवळीचं माप देऊन बाहेर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "काय झालं गं? का रडतीस?" मॅडमनीच त्यांना पडदा दाखवला. काकू डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिल्या. "आन् आमी हळद लावत व्हतो," त्या म्हणाल्या.

•

मी मॅडमना म्हटलं, काढून टाका तो दात. मंदाकाकूंसारखी कवळी बसवा. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काढता येईल. पण वाचवता येत असेल तर आधी वाचवून बघू."

अडचण एकच होती. नवा दात येतो तेव्हा त्याचं मूळ अर्धवटच असतं, ते नंतर दोन-तीन वर्षांत पूर्ण होतं आणि टोकाला मिटतं. माझा दात मधेच मेला, म्हणून मूळ तसंच राहिलं होतं, खाली सताड उघडं, पाइपच्या तुकड्यासारखं. नेहमीसारखं रूट कॅनल करून आत भरलं तर भरलेलं खालून बाहेर जाणार. आधी त्याला बूड करायला हवं होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी तोंडावर रबराचा पातळ हिरवा पडदा ताणला. त्यातून तेवढा एकच दात बाहेर. ओठ बधिर केले होते. मी डोळे मिटून पडले होते आणि सगळं फार लांबून ऐकू येत होतं. पाणी वाहतंय, कुणी हळू आवाजात नंबर सांगतंय, बाहेर ट्रॉली जातेय. मॅडम मधेच म्हणायच्या, "छान चाललंय हं," आणि मला वाटायचं, त्या मला नाही, दातालाच समजावतायत. आतून धुऊन त्यांनी चुन्याच्या जातीचं एक औषध भरलं आणि वरून बंद केलं. "पंधरा-वीस दिवसांनी या. बाहेर काही लावू नका. मलम नाही, हळद नाही."

सहाव्या दिवशी उशीवर डाग नव्हता.

मी उशी उलटी करून बघितली, मग परत सुलटी केली. सातव्या दिवशीही नाही. बालाजी दाढी करत होते, त्यांच्यासमोर जाऊन मी उभी राहिले. आमचं बोलणं अजून नीट सुरू झालेलं नव्हतं. त्यांनी आरशातून माझ्या हनुवटीकडे बघितलं, साबण लागलेल्या हातानं तिला हात लावणार होते, थांबले, हात धुतला, पुसला आणि मग लावला. दोन बोटं. तिथं कोरडं होतं.

"पुढच्या खेपेला मी येतो," ते म्हणाले.

•

पुढच्या खेपेला ते कामाचे बूट घालूनच आले. बुटांना वाळलेलं काँक्रीट लागलेलं, त्या चकचकीत फरशीवर ते पाय आत ओढून उभे होते. मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. एका काचेच्या पट्टीवर पांढरी पूड होती. त्यात त्यांनी पाण्याचे दोन-तीन थेंब टाकले आणि ती मळायला सुरुवात केली. ती ओल्या बारीक रेतीसारखी दिसायला लागली.

"हे काय आहे, मॅडम?" बालाजींनी विचारलं.

"सिमेंट."

"सिमेंट म्हणजे… दाताचं वेगळं असतं ते?"

"तुमच्या घर बांधायच्या सिमेंटच्याच घराण्यातलं. फक्त औषधासाठी शुद्ध केलेलं, खूप बारीक. याची एक गंमत आहे. तोंडात सगळं ओलं. बाकीचे मसाले ओलं लागलं की बिघडतात. हे ओल्यातच घट्ट होतं."

मी खुर्चीत आडवी होते, पण त्यांचा चेहरा मला दिसत होता. वर्षभर ज्या माणसाला या आजारातलं काहीच कळत नव्हतं, कुठल्याही डॉक्टरसमोर जो भिंतीला टेकून उभा राहायचा, तो दोन पावलं पुढे आला.

"मग क्युरिंग?" ते म्हणाले. "पाणी किती दिवस मारायचं?"

मॅडमच्या शेजारी उभी असलेली शिकाऊ डॉक्टर हसली. मॅडम हसल्या नाहीत. उलट खूश झाल्यासारख्या दिसल्या. "बरोबर विचारलंत. वर ओला कापूस ठेवून बंद करणार. खालून हाडाचा ओलावा, वरून कापसाचा. दोन दिवसांनी उघडून बघायचं, कडक झालंय का."

"घाई नका करू मॅडम. आमच्यात लोकांना घाई असते. पाणी नीट पाजलं नाही तर सिमेंट दिसायला कडक होतं, पण तसं नसतं."

"नाही करणार," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या.

मग त्यांनी ती ओली रेती कणाकणानं माझ्या दाताच्या तळाशी नेऊन बसवली. भिंगातून बघत, थोडी टाकायची, हलकेच दाबायची, एक्स-रे काढायचा, पुन्हा थोडी. मला काहीच जाणवत नव्हतं. माझा एक हात बालाजींनी धरला होता. त्यांच्या तळहाताला सिमेंटनं पडलेल्या भेगा आहेत, त्या मला जाणवत होत्या. खुर्चीच्या वरच्या दिव्याभोवती प्रकाशाचं कडं होतं, ते मोठं होत होत सगळ्या छतावर पसरलं, आणि त्या उजेडात मी कितीतरी वेळ नुसती तरंगत होते.

घरी जाताना बालाजी मोटरसायकलवर एकटेच बोलत होते. मागे बसून मला वाऱ्यात तुकडे ऐकू येत होते. कुठल्या साइटवर कुणी घाई केली, कुठला स्लॅब तडकला, त्यांचे मुकादम काय म्हणायचे. रावेतच्या सिग्नलला थांबलो तेव्हा ते मागे न बघताच म्हणाले, "मला वाटलं होतं तू जातीस. कुणाला सांगू? तुलाच सांगायची सवय हाय."

सिग्नल सुटला. मी त्यांच्या हेल्मेटला मागून कपाळ टेकवून बसले.

•

दोन दिवसांनी मॅडमनी दात उघडला, सुईसारख्या हत्यारानं आत टोचून बघितलं. टक्क असा आवाज आला. तो मला कवटीभर ऐकू आला. "झालं बूड," त्या म्हणाल्या. त्यावर बाकीचा दात भरून टाकला.

बाहेरच्या जखमेला कुणीही हात लावला नाही. ती आपोआप मिटत गेली. शेवटी तिथं एक छोटा खळगा राहिला, बोटाचं टोक मावेल एवढा. मॅडम म्हणाल्या, नको असेल तर नंतर छोटं ऑपरेशन करून काढता येतो. मी म्हटलं, बघू.

स्वराला मात्र वेळ लागला. बाऊ बरा झाला असं मी सांगितलं तरी ती दारातच उभी राहायची. तिला तशी शिस्त मीच लावली होती. मी ओढून जवळ घेतली नाही. रोज तिच्या शाळेच्या वेळी पायरीवर बसून राहायची, मास्क न लावता. एक दिवस ती आली, दप्तर काढलं, माझ्या बाजूला बसली आणि एका बोटानं त्या खळग्याला हात लावला. मग बोट आत ठेवूनच म्हणाली, "इथं चिंचोका राहील." मग उठून हात धुवायला गेली नाही.

मी कामावर परत गेले. शेजारच्या बायांना जेवणाच्या सुट्टीत सगळं सांगितलं. त्यांच्यातली एक रडली, मला माफ कर म्हणाली. मी तरी काय केलं असतं तिच्या जागी? मीही सरकलेच असते. हे मला खरंच वाटतं, म्हणून लिहिते.

सहा महिन्यांनी एक एक्स-रे झाला, वर्षानं दुसरा. मॅडमनी उपचाराआधीचा पहिला आणि हा शेवटचा शेजारी शेजारी लावले. पहिल्यात मुळाखाली काळा डाग, दुसऱ्यात त्या जागी बारीक जाळीदार हाड भरलेलं. दाताच्या टोकाशी पांढरा ठिपका, ते सिमेंट. "हाडाला ते परकं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "आपलंच समजून जवळ येतं." बालाजींनी त्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला आणि साइटवरच्या लोकांना दाखवला. त्यांतला कुणी विचारतो, कितव्या ग्रेडचं सिमेंट, भाऊ? बालाजी गंभीरपणे सांगतात, ते डॉक्टरांनाच माहीत.

तुमच्या हनुवटीवर, गालावर, जबड्याखाली अशी न भरणारी जखम असेल तर तुमची गोष्ट माझ्यासारखीच असेल असं मी म्हणू शकत नाही. मी डॉक्टर नाही. कातडीच्या डॉक्टरकडे जाच, तपासायला तुकडा द्या म्हटलं तर द्याच. पण एकदा दातांच्या डॉक्टरकडेही जा. आणि घरातला माणूस गप्प असेल तर त्याला विचारा, तुला काय वाटतंय. मी विचारलं नाही. न विचारता काढलेले ते दिवस माझ्या आजारातले सगळ्यात वाईट होते, आणि ते टाळायला कुठल्या औषधाची गरज नव्हती.

•

गेल्या रविवारी स्वरा मूठ मिटून स्वयंपाकघरात आली. मुठीत तिचा खालचा पुढचा दुधाचा दात होता, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडासा मोठा. मी तिला खिडकीपाशी उजेडात नेलं आणि तोंड उघडायला सांगितलं. हिरडीत नवा दात दिसत होता. त्याची कड करवतीसारखी दातेरी, पांढरीशुभ्र.

तो वर दिसतो, पण खाली अर्धवटच असतो, हे आता मला माहीत आहे. त्याचं मूळ अजून पूर्ण व्हायचं आहे. आत कुठंतरी, कुणाला न दिसता, ते हळूहळू खाली उतरत जाईल, आणि ती दोन-तीन वर्षं तिला त्याचा पत्ताही लागणार नाही. त्या दोन-तीन वर्षांत ती किती घसरगुंड्या घसरेल, किती भिंतींवरून उड्या मारेल. क्षणभर मला तिला कापसात गुंडाळून कपाटात ठेवावंसं वाटलं.

खालून मुलींनी हाक मारली. "जाऊ?" ती म्हणाली.

बालाजी पेपर बाजूला ठेवून माझ्याकडे बघत होते.

"जा," मी म्हटलं. "पडलीस तर येऊन सांग. काही फुटलं असलं तरी सांग. मी रागावणार नाही."

"काय फुटेल?"

"काहीही."

तिनं तो इवला दात माझ्या तळहातावर ठेवला आणि पळाली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला, मग अंगणात आला, मग मुलींच्या गलक्यात मिसळून गेला.